‘विभागीय’ म्हणजे नेमकं कुठलं?

बाबा मार्चमध्ये गेले. तेरावं आटोपलं, पाहुणे पांगले आणि मी आईला म्हटलं, पंधरा दिवस थांबते, कागदपत्रांचं तेवढं उरकते आणि पुण्याला जाते. ते उरकेपर्यंत गंगापूर धरणातून पाणी सोडायची वेळ आली होती.

काम तसं कुणाच्याही घरी येतं तसंच. हिरावाडीतलं घर बाबांच्या नावावर. घरपट्टी, पाणीपट्टी, लाईट बिल, बँकेतलं खातं, सगळीकडे त्यांचंच नाव, आणि आता ते आईच्या नावावर करायचं. मी नाशिकची खरी, पण बारावीनंतर बाहेर पडले ती पडलेच. मला नाशिक ठाऊक होतं ते गोदाघाट, कॉलेज रोड आणि मिसळ एवढ्यापुरतं. या गावात सरकार कुठे कुठे बसतं, याची कधी गरजच पडली नव्हती. ते बाबांचं खातं होतं.

मृत्यूचा दाखला लवकर मिळाला. दहा प्रती घेतल्या. पुरल्या नाहीत.

मग घरपट्टीसाठी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “विभागीय कार्यालयात जा,” आणि फोन ठेवला गेला. कुठलं विभागीय, हे विचारायचं मलाही सुचलं नाही, कारण मला वाटलं मला माहीत आहे. लहानपणी नाशिक रोडला जाता-येताना ‘विभागीय आयुक्त कार्यालय’ ही पाटी कितीदा तरी वाचली होती. सकाळी निमाणीवरून सिटीलिंकची बस धरली, द्वारका चौकात नेहमीसारखी अडकले आणि घाम पुसत तिथे पोचले. दारावरच्या गृहस्थांनी माझा अर्ज हातात घेतला, शांतपणे पूर्ण वाचला आणि म्हणाले, “ताई, हे पाच जिल्ह्यांचं ऑफिस आहे. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार. तुमच्या घरपट्टीचं इथं काय करू? मनपाचं विभागीय बघा.”

बाहेर येऊन रिक्षावाल्याला म्हटलं, मनपाचं विभागीय कार्यालय. त्याने नेलंही. तिथल्या बाईंनी पत्ता वाचला. “हिरावाडी? अहो, हा नाशिक रोड विभाग. तुमचा पंचवटी विभाग.” म्हणजे ज्या कार्यालयात मला जायचं होतं, ते घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं आणि मी अख्खं शहर ओलांडून एका दिवसात दोन वेगवेगळी ‘विभागीय’ पाहून आले होते. चूक कुणाची नव्हती. दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच सांगितलं होतं. मराठीत एकच शब्द दोन खुर्च्यांना दिलाय, त्याला ते तरी काय करणार!

त्या रात्री बाबांच्या एका जुन्या डायरीत मागच्या कोऱ्या पानावर मी नकाशा काढला. रस्त्यांचा नाही, खुर्च्यांचा. नाशिक महानगरपालिका १९८२ साली झाली. तिचं मुख्यालय शरणपूर रोडवरचं राजीव गांधी भवन आणि खाली सहा विभाग: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको म्हणजे नवीन नाशिक, आणि नाशिक रोड. रोजची कामं या सहा ठिकाणी होतात, भवनात नाही. जिल्हाधिकारी कार्यालय सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ. त्याच्या हाताखाली पंधरा तालुक्यांची तहसील. जिल्हा परिषद ग्रामीण भागाची, शहरातल्या माणसाचा तिच्याशी फारसा संबंध येत नाही. आणि ‘आयुक्त’ म्हणाल तर शहरात निदान तीन: मनपाचे, पोलिसांचे आणि विभागाचे. माझा मावसभाऊ हद्दीबाहेरच्या एका गावात राहतो. त्याचं घर आमच्यापासून तीन-चार किलोमीटरवर, पण त्याला कर भरायला ग्रामपंचायत आणि बांधकामाच्या परवानगीसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. रस्ता तोच, दिवाबत्ती वेगळ्यांची. काम कसं करायचं हे नंतर. आधी ते कुणाच्या हद्दीतलं, हे विचारायचं. पहिले दोन आठवडे मी हे उलटं करत होते.

पंचवटीत अर्ज दिला, पोच घेतली. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच मागताना उगाच संकोच वाटतो, समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखा. तो संकोच मी तिसऱ्या कार्यालयापर्यंत गुंडाळून ठेवला.

दरम्यान एक गोष्ट नीट कळली, ती इथेच लिहून टाकते, कारण माझ्या शिकलेल्या भावंडांनाही ती माहीत नव्हती. घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे घर नावावर झालं असं नाही. ती फक्त कराची नोंद. मालकीसाठी मी आणि बहिणीने आईच्या नावे हक्कसोड पत्र करून दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचं, आणि मग मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, नोंद. आणि तिथेच खरी गाठ बसली. आईची दोन नावं होती.

माहेरची मालती. लग्नात तांदळात नाव लिहून सुनीता झाली, तशा तिच्या पिढीतल्या निम्म्या बायका झाल्या. शाळेचा दाखला मालतीचा, आधार सुनीताचं. आणि बाबांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेल्या एका जुन्या कागदावर, का कोण जाणे, पुन्हा मालती. वकीलबाई म्हणाल्या, “राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या आणि स्थानिक पेपरात एक जाहीर नोटीस द्या. पुढे कुणी अडवायला नको.”

इथून शेजारचे काका या कामात शिरले. काका प्रेसमध्ये होते. माझ्या पुणेकर नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने उत्साहाने विचारलं, कुठल्या पेपरला? नाशिकमध्ये ‘प्रेसमध्ये’ म्हणजे नाशिक रोडच्या नोटांच्या आणि मुद्रांकांच्या छापखान्यात, हे बाहेरच्याला कळणं कठीण. पण काका पेपरच्या बाबतीतही कच्चे नव्हते. त्यांच्याकडे रोज तीन पेपर येतात आणि ते मागच्या पानापासून वाचतात.

“पहिल्या पानावर काय घडलं ते असतं,” ते म्हणाले, “आतल्या बारीक टायपात काय घडणार ते असतं.”

मी हसले होते, पण त्यांच्याबरोबर आठवडाभर बसले आणि पटलं. शनिवारी पाणीपुरवठा बंद, कुठल्या जलकुंभावरच्या भागात, ते आत. रस्त्याच्या रुंदीकरणावर हरकती-सूचना मागवल्या, शेवटची तारीख अमुक, ते आत. निविदा, लिलाव, जमिनीच्या नोटिसा, सगळं आत. घरपट्टी वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ भरली तर सवलत मिळते आणि ती एप्रिल, मे, जून अशी महिन्यागणिक घटत जाते, हेही मला काकांच्या पेपरातल्या एका चौकटीतून कळलं. कायद्याने जे लोकांना ‘कळवलं’ असं धरलं जातं, ते बहुतेकदा असंच कळवलेलं असतं. आपण वाचलं नाही, तरी आपल्याला कळलेलं असतं!

नाशिकचे स्वतःचे पेपर म्हणजे ‘गावकरी’, १९३८ पासूनचा, आणि ‘देशदूत’. बाकी ‘लोकमत’, ‘सकाळ’, ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘लोकसत्ता’, ‘पुढारी’ यांच्या नाशिक आवृत्त्या किंवा नाशिकची पानं. सगळे विकत घ्यायची गरज नाही. ई-पेपर आहेत, आणि ज्यांना कागदच लागतो त्यांच्यासाठी वाचनालयं आहेत. मी दोन-तीनदा ‘सावाना’त, म्हणजे १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयात गेले. एका टेबलावर सगळे पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचले की एकच बातमी किती तऱ्हांनी येते ते दिसतं, आणि कोणती बातमी चौघांपैकी एकानेच दिली तेही. रेडिओवर आकाशवाणी नाशिक. आईकडे तो सकाळी लागतोच, बाबा असताना लागायचा म्हणून.

कॉलनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप याच्या अगदी विरुद्ध. तिथे बातमी सर्वांत आधी येते आणि सर्वांत कमी वेळा खरी असते. जुलैत एका रात्री तिथे आलं, “गंगापूरचे सर्व दरवाजे उघडले, गोदाकाठ रिकामा करा.” आई घाबरली. काका गच्चीतून म्हणाले, “किती क्युसेक लिहिलंय?” लिहिलेलंच नव्हतं. “मग झोप. आकडा नाही ती पुराची बातमी नाही.” सकाळी पेपरात विसर्गाचा, म्हणजे धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्याचा, आकडा होता, धरणात किती दलघफू (दशलक्ष घनफूट) साठा आहे तोही, आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी लागलं होतं. नाशिककरांची पट्टी ती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, असं आम्ही मोजतो. छातीच्या वर गेलं की मग घाबरायचं.

तर नोटीस. सीबीएसच्या बाजूला कोर्टाच्या आसपास जाहिराती घेणाऱ्यांची लहान लहान दुकानं आहेत. मजकूर वकिलांकडून लिहून न्यायचा, कारण तिथला तयार मजकूर दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाचा असतो. दर जागेवर, म्हणून ‘तमाम जनतेस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की’ यातला एकेक शब्द आपल्या खिशातून जातो. माझ्या मजकुरात दुकानदाराने ‘मालती’चं ‘मालिनी’ केलं होतं. छापायला जाण्याआधी प्रूफ वाचायला मागितलं म्हणून वाचले. नाहीतर आई तिसऱ्या नावाने अवतरली असती.

नोटीस छापून आली त्या सकाळी मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर आई कात्री घेऊन बसलेली. तिने नोटीस चौकोनी, अगदी सुबक कापून काढली होती. मी ओरडलेच. कार्यालयात कात्रण चालत नाही. पेपराचं नाव आणि तारीख दिसेल असं अख्खं पान लागतं. ती दचकली, मग कात्रण माझ्यापुढे धरून म्हणाली, “अगं, पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुठेतरी मालती छापून आलं.”

मी चप्पल घालून नाक्यावर गेले आणि आणखी तीन अंक आणले.

राजपत्राचं काम ऑनलाइन झालं. जुनं नाव, नवं नाव, फोटो, पुरावे. आपण जसं टाइप करू तसंच छापतात, म्हणून तिथेही दोनदा वाचून घ्यावं. गंमत म्हणजे राजपत्रातच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासनाची नाही. म्हणजे शासनाने छापलं म्हणून शासकीय कार्यालय मानतं, आणि शासन म्हणतं मी फक्त छापलं. काकांना हे फार आवडलं. “आम्ही नोटा छापल्या, पण खर्च तुमचा,” असं म्हणाले.

एवढं सगळं जोडून एका कार्यालयात फाईल दिली. कोणतं ते लिहीत नाही. दीड महिना ती जागची हलली नाही. दर खेपेला “साहेब मीटिंगला”, “वरच्या टेबलावर आहे”, “पुढच्या आठवड्यात बघा”. रागाने बोलून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज केला. साधा कागद, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. मी पहिल्या मसुद्यात ‘माझं काम का झालं नाही’ असं लिहिलं होतं. वकीलबाईंनी खोडलं. “‘का’ विचारलंत तर उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा.” मग लिहिलं: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, आणि फाईल कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेपासून आहे त्याची नोंद. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. ते नाही आलं तर तिथल्याच वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि तिथूनही नाही तर राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ आहे. मी महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या जिल्हा लोकशाही दिनाचा, म्हणजे जिल्हाधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवसाचा, अर्जही घरी लिहून ठेवला होता. त्यासाठी आधी तालुका पातळीवर दाद मागितलेली असावी लागते आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, हे कळल्यावर तो पिशवीतच राहिला.

दोन्हीची वेळ आली नाही. बाराव्या दिवशी फोन आला, “मॅडम, तुमचं तयार आहे, घेऊन जा.” टिपणीची प्रत मात्र तिसाव्या दिवशी वेगळी पोस्टाने आली. त्यात फाईल सदतीस दिवस एकाच टेबलावर होती आणि शेरा होता, ‘अर्जदार उपस्थित नाही’. मी त्या सदतीस दिवसांत सहा वेळा गेले होते. ते पान मी जपून ठेवलंय.

लाईट बिलाचं अजून बाकी आहे, ते पुढच्या खेपेला. घरपट्टीचं बिल आता आईच्या नावाने येतं, ‘सुनीता ऊर्फ मालती’, पूर्ण दोन ओळींत. निघायच्या आदल्या दिवशी पेपरवाला महिन्याचं बिल घेऊन आला. त्यावर बाबांचंच नाव. मी पेन काढलं, तर आई म्हणाली, “त्याला काही कागद लागत नाहीत ना? मग राहू दे.”