भूत नाही, बॅगा

बाहेर जळगावचं ऊन, म्हणून दुपारभर कूलरसमोर बसून परदेशातल्या बंद पडलेल्या मनोरुग्णालयांचे फोटो बघितले. पोपडे सुटलेल्या भिंती, गंजलेले पलंग, न संपणारे कॉरिडॉर. भाचा म्हणाला, "मामा, इथे शंभर टक्के भूत असणार!" सिनेमांनी पोरांची डोकी बिघडवलीत, दुसरं काय.

मला बांधणीचं नवल वाटलं. १९व्या शतकात अमेरिकेत डॉ. थॉमस किर्कब्राइड यांच्या आराखड्याप्रमाणे अशी बरीच रुग्णालयं उभी राहिली. मध्ये मुख्य इमारत आणि दोन्ही बाजूंना थोडेथोडे मागे सरकत गेलेले वॉर्ड. हेतू हा की प्रत्येकाला उजेड आणि वारा मिळावा. पुढे गर्दी एवढी वाढली की त्याच वॉर्डांचे कोंडवाडे झाले.

न्यूयॉर्क राज्यातलं विलार्ड मनोरुग्णालय १९९५ साली बंद झालं, तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या सुमारे ४०० बॅगा सापडल्या. भरती होताना आणलेल्या.

त्या बॅगांचा फोटो फुईला, म्हणजे आत्याला, दाखवला. चष्मा वर करून तिने एवढंच विचारलं, "ह्या लोके कथा ग्यात?" म्हणजे, हे लोक कुठे गेले?

थाळनेरला खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरींजवळ आपण खुशाल सेल्फी काढतो, तिथे काही बोचत नाही. गावाबाहेरच्या बंद कापसाच्या जिनिंगचा फोटो काढायला मात्र माझा हात धजत नाही. तिथला जुना फिटर अजून रोज टपरीवर भेटतो, आणि मिशीवर ताव देत मशिनींबद्दल अर्धा तास बोलतो. काढलाच फोटो, तर आधी त्याचा काढेन.