आमची वाटचाल : आधी ब्रेक, मग चाक

ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांसाठी आम्ही ब्रेक बनवतो आणि त्यांना जुळणारी चाके ठरवून देतो. कोल्हापुरात यंत्राच्या धंद्यात पडायला वेगळे कारण लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्यांमधून निघणारी वाहनांची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कातून, भोके पाडून आणि मापून देणाऱ्या असंख्य लहान शेडपैकी एक शेड शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांची होती. त्यांच्या लेथवर आधी ट्रक-टेम्पोचे ब्रेकड्रम आणि पुढे मोटारींच्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या, फिरत असत. शिरोलीत जागा घेऊन आम्ही संगणकावर चालणारे सीएनसी लेथ आणि व्हीएमसी (उभे मशीनिंग सेंटर) बसवले तेव्हाही काम तेच होते, फक्त डायलवरचा काटा अधिक कडकपणे पाहिला जाऊ लागला. डिस्कच्या तोंडाचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डोलण, ०.०५ मिलिमीटरच्या आत ठेवायचा, ही शिस्त आम्हाला जॉबवर्कनेच लावली.

शर्यतीच्या गाड्यांशी संबंध आला तो कार्टिंगमुळे, म्हणजे लहान उघड्या गाड्यांच्या शर्यतींमुळे. कोल्हापूरच्या मुलांनी देशातील मोटार शर्यतींत नाव काढले आहे, आणि हुपरीच्या बाजूला ट्रॅक झाल्यावर कार्टचे हब (चाक बसवायचा मधला भाग), स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) आणि डिस्क यांची लहानसहान कामे आमच्याकडे येऊ लागली. साध्या कार्टला पुढच्या चाकांना ब्रेक नसतो. मागच्या अखंड आसावर एकच डिस्क असते आणि तीच सगळी गाडी थांबवते. त्यामुळे त्या डिस्कचे हाल फार लवकर दिसतात. ब्रेकचे काम गाडी थांबवणे एवढेच नसून तयार झालेली उष्णता सांभाळणे आणि बाहेर टाकणे हेही आहे, हे आमच्या कामगारांच्या अंगवळणी पडले ते या लहान गाड्यांवर.

पहिली मोठी मागणी सांगलीकडच्या एका उद्योजकांची होती. त्यांची दोन आसनी स्पोर्ट्स कार सुटीच्या दिवशी कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या ट्रॅकवर धावत असे, आणि त्यांना तिच्यासाठी १८ इंची चाके व त्या चाकांत भरून दिसतील एवढ्या डिस्क हव्या होत्या. आमच्याकडचे सर्वांत जुने टर्नर, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, त्यांनी चाकांबद्दल काहीच न बोलता विचारले, "साहेब, सरळ पट्टा केवढा आहे आणि वळणाआधी गाडी किती स्पीडवर आणता?" तेव्हापासून आमच्या चौकशीच्या कागदावर हाच पहिला प्रश्न छापलेला आहे, आणि चाकाचे माप त्या कागदाच्या अगदी तळाला आहे.

त्या प्रश्नामागचा हिशेब असा. चालकासह १२०० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणली, तर सुमारे ८ लाख ९० हजार ज्यूल एवढी गतिज ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने घ्यावी लागते. इंजिन पुढे असलेल्या गाडीत यातील साधारण ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो असे धरले, तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ३ लाख १० हजार ज्यूल येतात. डिस्क ७ किलोची असेल तर एका ब्रेकिंगमध्ये तिचे तापमान जवळजवळ ९० अंशांनी वाढते. ९ किलोची असेल तर वाढ ७० अंशांच्या आसपास राहते. करीची लांबी २.१ किलोमीटरच आहे, त्यामुळे तेथे एका जोरदार ब्रेकिंगनंतर डिस्क पुरती निवण्यापूर्वीच पुढचे वळण येते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तेथे एकेका ब्रेकिंगचा घाव मोठा असतो, पण मध्ये वाराही मिळतो. तीच गाडी आणि तोच चालक असूनही या दोन ठिकाणी ब्रेकची गरज वेगळी ठरते.

धातूच्या निवडीत मात्र आम्ही फारसे घुटमळलो नाही. राखाडी ओतीव लोखंडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपनेही शोषली जातात. शिवाय त्याचे ओतकाम करणारी माणसे आमच्या शेजारीच आहेत. आम्ही भर दिला तो डिस्कच्या आतल्या हवेच्या वाटांवर. वळणदार पात्यांची डिस्क पंख्याप्रमाणे मध्यभागातून हवा ओढून बाहेरच्या कडेने फेकते, मात्र त्यासाठी फिरताना पात्याचे बाहेरचे टोक मागे राहिले पाहिजे. म्हणजेच डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते, आणि दोन्हींचे पॅटर्न (साच्याचे नमुने) व कोअर (आतली पोकळी ठेवणारे गाभे) फौंड्रीत वेगळे करावे लागतात. यामुळे खर्च वाढतो, पण तो टाळून दोन्ही बाजूंना एकच डिस्क लावण्यात अर्थ नाही. आरपार भोके पाडलेल्या डिस्क आम्ही ट्रॅकसाठी देत नाही. त्या दिसायला सुंदर असतात याबद्दल वाद नाही, पण वारंवार तापण्या-निवण्यात भोकांच्या कडांपासून बारीक तडे सुरू होतात. त्याऐवजी उथळ खाचा पुरतात.

पुढचा टप्पा दोन भागांच्या डिस्कचा होता. ३०० मिलिमीटर व्यासाची लोखंडी डिस्क ४०० अंशांनी तापली की तिचा व्यास सुमारे १.३ मिलिमीटरने वाढतो. मध्यभाग जखडलेला असेल तर ती वाढ कोठेतरी वाकडी वाट काढते आणि डिस्क किंचित बशीसारखी होते. म्हणून मधली ॲल्युमिनियमची टोपी आणि बाहेरचे लोखंडी कडे वेगळे करून ते थोडा खेळ ठेवलेल्या बॉबिनने, म्हणजे लहान गोल खुंट्यांनी, जोडायचे, म्हणजे कडे मोकळेपणाने फुलते, आणि वजनही घटते. या कामासाठी आम्ही टोपी मशीनवर पकडून ठेवणारे फिक्श्चर स्वतः बनवले, आणि आजही आमच्या शेडमध्ये सर्वांत जास्त वेळ ते बसवलेल्या मशीनवर जातो.

कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोराने घर्षणाचे पॅड दाबून डिस्कला चिमटीत धरणारा भाग. त्याच्या बाबतीत ग्राहकांची समजूत घालणे अधिक कठीण गेले. चार पिस्टन म्हणजे दुप्पट ब्रेक, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती अशी की एकाच बाजूला पिस्टन असलेल्या सरकत्या कॅलिपरच्या ५४ मिलिमीटर व्यासाच्या एका पिस्टनचे क्षेत्रफळ आणि स्थिर कॅलिपरच्या एका बाजूच्या ३८ मिलिमीटरच्या दोन पिस्टनचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच, म्हणजे २३ चौरस सेंटिमीटरच्या थोडे आत भरते. हे साम्य आम्ही मुद्दाम राखतो. पुढच्या पिस्टनचे क्षेत्रफळ अकारण वाढवले तर पेडल खोल जाते, ब्रेकचा तोल पुढे झुकतो, पुढची चाके आधी अडकतात, मागचे ब्रेक निम्मेही कामाला येत नाहीत आणि एवढा खर्च करून गाडी थांबायला पूर्वीपेक्षा जास्त अंतर घेते. चार पिस्टनचा खरा लाभ म्हणजे पॅडवर सर्वत्र सारखा दाब पडतो, कॅलिपर कमी फाकतो आणि जाड पॅड बसवता येतो.

पॅड आणि ब्रेक ऑइल यांचा दोष ओळखायला आम्ही चालकांना एकच खूण सांगतो: पेडल दगडासारखे कडक राहूनही गाडी थांबत नसेल तर पॅड तापून निसरडा झाला आहे, आणि पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळले आहे. डॉट ४ या दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण ते हवेतील ओलावा शोषत राहते आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आमच्याकडच्या पावसाळ्यानंतर ऑइल न बदलता कोणी ट्रॅकवर जाऊ नये, हे आम्ही बिलावरच लिहून देतो.

एवढे ठरल्यावर चाकाकडे वळायचे. आमचा नियम असा की ठरलेली डिस्क आणि कॅलिपर मोकळेपणाने मावेल असे सर्वांत लहान चाक घ्यावे. ढोबळमानाने १५ इंची चाकात २८० मिलिमीटरची, १६ इंचीत ३०० च्या आसपासची आणि १७ इंचीत ३३० ची डिस्क बसते, पण स्पोकचा आकार प्रत्येक चाकाचा निराळा असल्याने आम्ही कॅलिपरच्या आकाराचा पुठ्ठ्याचा साचा कापून चाकात फिरवून पाहतो आणि चहूबाजूंनी किमान ३ मिलिमीटर मोकळीक सोडतो. चाक मोठे झाले की धातू आणि टायरचे वजन केंद्रापासून दूर जाते. ते फिरवायलाही जास्त जोर लागतो, थांबवायलाही, आणि खड्ड्यावरून उसळल्यावर सस्पेन्शनला ते आवरणेही जड जाते. १९५/५० आर १६ या टायरचा बाहेरचा व्यास ६०१ मिलिमीटर, तर २०५/४५ आर १७ चा ६१६ भरतो. माझदाच्या एमएक्स-५ या हलक्या गाडीला खुद्द कंपनीने ही दोन्ही मापे दिली आहेत. या फरकाने गिअरिंग अडीच टक्क्यांनी लांब होते, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते आणि वळणातून बाहेर पडतानाचा जोर तेवढाच कमी होतो. २०२२ पासून फॉर्म्युला वनमध्ये १३ ऐवजी १८ इंची चाके आली हा दाखला ग्राहक हमखास देतात. पण तो बदल नियमाने सर्वांवर सारखाच आला, वेगासाठी कोणा संघाने निवडलेला नव्हता.

ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबवरच्या बैठकीचे अंतर, मूळ चाकाच्या शक्य तितका जवळ ठेवणे, हबच्या मधल्या भोकात सैलपणा असेल तर रिंग कातून देणे, आणि नटाची बैठक शंकूसारखी आहे की गोलाकार हे तपासणे, ही कामे किरकोळ वाटली तरी ती आम्ही दुसऱ्यावर सोपवत नाही.

सांगलीच्या त्या गाडीला शेवटी १६ इंची चाके आणि ३०० मिलिमीटरच्या डिस्क बसल्या. डिस्कच्या कडेला तापमानानुसार रंग बदलणारे पट्टे लावून करीवर चाचणी घेतली, आणि त्यावरून डिस्कच्या मध्यभागी वारा नेणारी नळी किती रुंद हवी ते ठरवले. आता आमच्याकडे येणाऱ्या मागण्यांपैकी बऱ्याच चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांच्या असतात. केवळ रस्त्यावर मिरवण्यासाठी मोठे ब्रेक हवे असणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नकार देतो, कारण नोंदणी झालेल्या वाहनातील बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते आणि रस्त्यावर चांगले पॅड व ताजे ऑइल पुरेसे असते. सध्या मागच्या कॅलिपरचे काम हाती घेतले आहे. त्यात हँडब्रेकची यंत्रणा कशी सामावायची यावर मामा आणि आमचा डिझाइन पाहणारा मुलगा यांचे अजून एकमत झालेले नाही.