तिरका पट्टा

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात कूलिंग टॉवरचं पाणी फिरवणारा एक पंप आहे. मोटर १५ किलोवॅटची, मिनिटाला १४६० फेऱ्यांची. कपलिंगच्या बाजूला, म्हणजे जिथे मोटरचा शाफ्ट पंपाला जोडला जातो तिथे, ६३०९ नंबरचं बेअरिंग. गेल्या महिन्यात ते बेअरिंग आठ महिन्यांत तिसऱ्यांदा गेलं.

आमचे जुने फिटर ते तीन तासांत बदलतात आणि सुरेख बदलतात. जुनं पुलरने ओढून काढायचं, नवं इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवायचं, शाफ्टवर सरकवायचं, थंड होईपर्यंत शाफ्टच्या खांद्याला (पायरीला) दाबून धरायचं. हातोडा अजिबात लावायचा नाही. बाहेरच्या रिंगवर घाव बसला की तो गोळ्यांमधून आतल्या रिंगवर उतरतो आणि बेअरिंग बसतानाच अर्धं मरतं. ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच भरायचं, कारण ठासून भरलं तर तेच तापतं. यातलं काहीही चुकलेलं नव्हतं, तरीही बेअरिंग जात होतं.

आमच्याकडे सत्तरी तालुक्यातून एक मुलगी अप्रेंटिस म्हणून येते. आयटीआयला दोन वर्षं फिटर ट्रेड केला आणि आता इथं एक वर्ष. तिसऱ्या वेळी तिने भंगाराच्या पेटीतलं बेअरिंग उचललं, ग्राइंडरने बाहेरची रिंग कापली, दोन्ही तुकडे डिझेलमध्ये धुतले आणि बाकावर ठेवले. गोळ्या जिथून धावतात तिथे रिंगवर करडा पट्टा उमटतो. तो खाचेच्या मधोमध, सगळीकडे सारखा हवा. इथे तो एका तुकड्यावर डाव्या काठाकडे सरकलेला आणि समोरच्या तुकड्यावर उजव्या. तिने एका जुन्या फिटरना विचारलं. कसबी कारागिराला आमच्याकडे मेस्त म्हणतात.

"मेस्तकाका, हा पट्टा तिरका कसा?"

"बाय, जळालेलं बेअरिंग ते. सरळ काय राहणार त्यात?"

ती गप्प बसली, पण तुकडे घेऊन माझ्याकडे आली. बाहेरची रिंग फिरत नाही. तिच्यावर तिरका पट्टा याचा अर्थ रिंग ज्या घरात बसते ते घरच शाफ्टला वाकडं आहे. आणि घर वाकडं होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे मोटरची बॉडी पिळणं.

दुसऱ्या दिवशी पंप दोन तासांसाठी बंद मिळाला. बेसफ्रेमवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, मॅग्नेटिक बेस, बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या डायल गेजचं टोक मोटरच्या पायावर, काटा शून्यावर. मग एकेका पायाचा बोल्ट सैल करायचा, काटा किती उचलतो ते लिहायचं, बोल्ट परत कसायचा आणि पुढच्या पायाकडे जायचं. पहिला ०.०२ मिलिमीटर, दुसरा ०.०३, तिसरा ०.०२, चौथा ०.१८. ०.०५ च्या पुढे गेलं की तो पाय हवेत आहे असं धरतात. म्हणजे दर वेळी तो चौथा बोल्ट कसताना आम्ही मोटरची बॉडीच वाकवत होतो.

अशा वेळी सगळे एकच करतात: पत्र्याचा तुकडा, म्हणजे शिम, कापून खाली सरकवतात. तिथे आधीच तीन तुकडे होते, एकावर रंगाचा थर. फट मोजायचं फीलर गेज घातलं तर फट आतल्या बाजूला ०.०५ आणि बाहेरच्या बाजूला ०.२५. पाचरीसारख्या फटीत सपाट शिम घालून काही होत नाही, बोल्ट कसला की पाय पुन्हा कलंडतो. बेसफ्रेमचा तो कोपरा गंजून खचला होता. वरच्या पन्हाळीची गळती बरोबर तिथे पडते, आणि गोव्याचा पावसाळा चार महिन्यांचा.

गंज खरवडून तिने ती जागा ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून कानशीने सपाट केली. आयटीआयत महिनोन्‌महिने लोखंडाचा ठोकळा घासायला लावतात, त्याला मुलं कंटाळतात. तोच हात इथे कामी आला. फट चारी बाजूंनी ०.३० झाली. खाली स्टेनलेसचे दोनच शिम, ०.२० आणि ०.१०. पाय पुन्हा तपासला तर ०.०३. मग डायलवर कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत असणं, ०.०४ च्या आत आणलं. पूर्वी ते सरळपट्टी ठेवून डोळ्याने होत असे. पंप चालू केल्यावर व्हायब्रेशन सेकंदाला ६.२ वरून १.६ मिलिमीटरवर आलं.

आमच्या फिटरना हे समजलं नसतं असं नाही. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बेअरिंगचा आवाज ओळखायला तिला त्यांनीच शिकवलं. त्यांच्यातले दोघे खाणींच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेले. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा, आणि डिचोली-सत्तरीतल्या पोरांना मेस्ताच्या हाताखाली शिकायची ती जागाही गेली. पण फिटरचं काम ब्रेकडाऊनच्या मिनिटांवर मोजलं जातं. मेलेल्या बेअरिंगपाशी दोन तास बसायची मुभा कारखान्यात एकाच माणसाला असते, ती म्हणजे अप्रेंटिस. तिची मिनिटं कुणी मोजत नाही, आणि कारण शोधून वहीत लिहिणं हेच तिचं काम असतं.

तेच बहुतेक ठिकाणी अप्रेंटिसला करू दिलं जात नाही. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला एकूण संख्येच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक केलं. १२० माणसांच्या ठिकाणी किमान तीन. त्याच नियमांत आयटीआय उत्तीर्णाला महिन्याला किमान ७,००० रुपये ठरले आणि त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकारी योजनेतून येत असे. त्या हिशेबाने मालकाच्या खिशातून ५,५०० जात. एवढ्यात माणूस मिळाला म्हणून त्याला पॅकिंगला उभं करतात, झाडायला लावतात आणि वर्षअखेरीला वहीत एकाच दिवशी सह्या ठोकतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला त्याचा राग आहे. त्या मुलाचं वर्ष जातं, आणि आणखी तीन वर्षांनी तोच मालक चांगला फिटर मिळत नाही म्हणून सांगत फिरतो.

आम्हीही फार वेगळे नाही. वर्ष संपल्यावर कामावर ठेवायचं बंधन नियमात मालकावर नाही, आणि आमच्याकडे फिटरची जागा मंजूर नाही. लागलं तर कंत्राटदाराकडून माणूस घ्या, असं उत्तर आलं. जो माणूस येईल त्याला चौथा पाय माहीत नसेल. तिच्यासाठी जागा द्या म्हणून मी तिसऱ्यांदा लिहून दिलं आहे, सोबत तिन्ही बेअरिंगांच्या खर्चाचा हिशेब आणि कापलेल्या रिंगचा फोटो जोडून.

ती सध्या जेवणाच्या सुट्टीत अप्रेंटिसच्या अखेरच्या ट्रेड परीक्षेचा अभ्यास करते. मोटरच्या पंख्याच्या कव्हरवर तिने पांढऱ्या मार्करने चारही पायांची रीडिंग लिहून ठेवली आहेत, खाली पुढच्या तपासणीची तारीख. तोपर्यंत तिचं वर्ष संपलेलं असेल. पन्हाळीची गळती मात्र अजून कुणी काढलेली नाही.