तिसऱ्या सिलिंडरची कॉइल

कर्टिन स्प्रिंग्जच्या रोडहाउसवरून, म्हणजे हायवेवरच्या पेट्रोलपंप-खाणावळीतून, निरोप आला तो एवढाच: पांढरी युरोपियन एसयूव्ही, माउंट कॉनरच्या व्ह्यूपॉइंटपाशी बंद पडलीय, चार माणसं आहेत, पेट्रोल खराब निघालंय. शेवटचं वाक्य ऐकून गॅरेजमधले आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या ॲलिस स्प्रिंग्जमध्ये मेकॅनिक म्हणून मला नऊ वर्षं झाली. बाहेरून आलेल्या माणसाच्या गाडीचं काहीही बिघडू दे, अगदी वायपर तुटू दे, दोष पेट्रोलचाच.

त्याला कारण आहे. इथल्या पंपावर साध्या अनलेडेडच्या जागी लो ॲरोमॅटिक पेट्रोल मिळतं. मेलबर्न-ॲडलेडहून आलेल्या माणसाने हे नाव कधी ऐकलेलं नसतं. 'लो' म्हटलं की त्याला वाटतं, काहीतरी काढून घेतलेलं, पाणी घातलेल्या दुधासारखं.

जानेवारीचा महिना. या दिवसांत वाळवंटात हिंडायला बहुधा आपलेच लोक येतात, कारण शाळांची लांब सुट्टी तेव्हाच असते. टो ट्रक घेऊन स्टुअर्ट हायवेने दोनशे किलोमीटर एर्लडंडा, तिथून उजवीकडे लॅसिटर हायवे. पोचायला दुपारचे तीन वाजले. दार उघडलं तसं गरम हवेच्या लाटेबरोबर कानावर आलं, "अहो, छत्री नीट धरा, आईंच्या डोक्यावर ऊन येतंय."

मी म्हटलं, "आजींना आत बसवा, एसी चालू आहे."

क्षणभर सगळे गप्प. मग त्या बाईंना हसू आवरेना. नवराबायको, आठेक वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या पुढच्या आजी. मूळचे कोल्हापूरचे, आता मेलबर्नचे. मी मिरजेचा म्हटल्यावर आजींनी पहिल्यांदा भडंगाचा डबा उघडला, मग गाव, गल्ली, आडनाव. मुलाने सांगितलं की उलुरूचे, म्हणजे त्या प्रसिद्ध लाल खडकाचे, चाळीस फोटो काढून झाले. समोर माउंट कॉनर होता, सपाट डोक्याचा. उलुरू अजून शंभर किलोमीटर पुढे. या डोंगराने भल्याभल्यांना फसवलंय, त्यामुळे मी लगेच काही बोललो नाही.

नवरा मात्र तापलेला. "दादा, काल ॲलिसला टाकी फुल केली ना, तिथेच घात झाला. आज सकाळपासून गाडी झटके मारतेय, पिकअप नाही, मग तो इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. असलं पेट्रोल विकतातच कसे?"

दिवा लुकलुकल्यावर गाडी थांबवली, हे मात्र त्यांनी शहाणपणाचं केलं. तशीच रेटली असती तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजला असता आणि बिल चौपट झालं असतं.

स्कॅनर लावला. तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नव्हतं. आता हे तोंडी सांगून पटणार नव्हतं, म्हणून त्यांना बॉनेटपाशी बोलावलं. इंजिन इतकं तापलेलं की हातमोजे घालूनही बोटं पोळत होती. तिसऱ्या सिलिंडरची, ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल उपसली, पहिल्याची उपसली, दोघींची अदलाबदल केली, कोड पुसला, गाडी चालू केली. तेच थरथरणं. पुन्हा स्कॅनर. आता मिसफायर पहिल्या सिलिंडरला.

"पेट्रोल चारी सिलिंडरना एकच जातं," मी म्हटलं. "मग आजार कॉइलबरोबर कसा हलला?"

त्यांनी कॉइल हातात घेतली. रबरी बुडाच्या वर केसाएवढी चीर होती, तिच्या कडेने करडी पूड. उन्हाळा, टर्बो आणि जुनी कॉइल, बस. मग मी पेट्रोलच्या झाकणाची फ्लॅप उघडून आतलं स्टिकर दाखवलं: किमान ९५ ऑक्टेन. त्यांनी भरलं होतं ९१.

"गावात प्रीमियम मिळतं की. तुम्ही स्वस्त नोझल धरलंत."

"इथलं ९१ वेगळंय म्हणून—"

"इथलं ९१ आणि मेलबर्नचं ९१ ऑक्टेनला सारखंच. या गाडीला दोन्ही कमीच."

उलुरूपाशी पर्यटकांसाठी वसवलेलं युलारा जवळ होतं, पण ही कॉइल तिथे मिळण्यातली नव्हती. गाडी ट्रकवर चढवली, माणसं मागच्या सीटवर, आजी माझ्या शेजारी. चार तासांचा रस्ता. आजी निवृत्त शिक्षिका. पहिल्या अर्ध्या तासातच विचारलं, "पण मग वेगळं पेट्रोल करायची गरज काय पडली?"

आमच्या गॅरेजमध्ये युएंडुमू या आदिवासी वस्तीतला एक वॉर्लपिरी जमातीचा सहकारी आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मला जे कळलं ते बरंचसं त्याच्याकडून. त्याच्या तरुणपणी वस्तीत रात्री गाडी उभी करायची तर टाकीला कुलूप लागायचं, काहीजण गाडीभोवती जाळीचा पिंजराच उभारत. पोरं पेट्रोल चोरायची ती विकायला नाही. टिनच्या डब्यात थोडं घ्यायचं, डबा नाकाखाली धरायचा आणि दिवसभर तसंच फिरायचं. बारा-चौदा वर्षांची पोरं. पेट्रोलला जो गोडसर, डोक्यात जाणारा वास असतो तो टोल्युइन, झायलीन, बेंझीन या ॲरोमॅटिक्सचा, आणि झिंगही मुख्यतः त्यांचीच. काही वर्षं हुंगलं की चाल जाते, बोलणं जाते. वयाच्या पंचविशीत व्हीलचेअरवर आलेले त्याचे दोन चुलतभाऊ मी पाहिलेत.

नुसतं पेट्रोल बदलून सगळं झालं, असंही नाही. युएंडुमूच्या म्हाताऱ्यांनी १९९४ पासूनच पोरांना लांब माउंट थिओच्या मुक्कामावर न्यायला सुरुवात केली होती. तिथे पेट्रोल नाही, शिकार आणि वडीलधारी माणसं. काही वस्त्यांत विमानाचं पेट्रोल वापरून बघितलं. त्यात शिसं होतं. २००५ मध्ये बीपी या तेल कंपनीने हे लो ॲरोमॅटिक पेट्रोल ओपल नावाने आणलं. साध्या पेट्रोलमध्ये ॲरोमॅटिक्स साधारण २५ टक्के, यात ५ टक्के. ऑक्टेन दुसऱ्या घटकांनी भरून काढलेलं. करायला महाग, पण वरचा पैसा केंद्र सरकार भरतं, म्हणून पंपावर भाव वेगळा पडत नाही. त्याच वर्षी मुटिटजुलूला, म्हणजे हे लोक जिथे निघाले होते त्या उलुरूच्या पायथ्याशी, कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, पेट्रोल हुंगून गेलेल्यांची चौकशी भरवली होती. तरीही काही रोडहाउसवाले ओपल घ्यायला तयार नव्हते. शेवटी २०१३ मध्ये संसदेला कायदा करावा लागला.

"आणि थांबलं?" आजींनी विचारलं.

"मेन्झीस नावाची आरोग्य-संशोधन संस्था आहे. ज्या वस्त्यांची त्यांनी वर्षानुवर्षं पाहणी केली तिथे हुंगणारे जवळपास ८८ टक्क्यांनी कमी झाले. हे पेट्रोल हुंगलं तर अपाय होत नाही असं नाही हां. नशा चढत नाही, एवढंच."

मागून नवऱ्याने विचारलं, "पण इंजिनला खरंच काही होत नाही?" माणूस चिवट होता. मला आवडला.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मीही त्याच्यासारखाच होतो. गवत कापायचं मशीन दुरुस्तीला आलं, कार्बोरेटरचा पडदा कडक होऊन चिरलेला. मी तोऱ्यात म्हटलं, ओपल! आमच्या हेडमिस्त्रीने काही न बोलता खालचा खण ओढला. आत तसल्याच चिरलेल्या पडद्यांचा ढीग, प्रत्येकाला तारखेचं लेबल. वरचंच २००२ चं होतं. सहा महिने टाकीत पेट्रोल कुजवलं की पडदा जातो, कुठलंही असो. फरक अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ॲरोमॅटिक्सने रबर थोडं फुगलेलं असतं, ती कमी झाली की आकसतं, आणि फारच जुन्या गाडीचं एखादं सील पाझरू शकतं. सील बदलायचं. अनलेडेडवर चालणाऱ्या गाडीला एवढ्यावर घाबरायचं कारण नाही.

आजी बराच वेळ बाहेर बघत होत्या. बाहेर म्हणजे लाल माती आणि तीच झुडपं. मग म्हणाल्या, "स्टँडवरची पोरं सोल्यूशन हुंगायची, बघ. माझ्या वर्गातलाच एक होता. रुमाल नाकाला लावलेला. मला वाटायचं, सर्दी झालीय."

माझ्या वडिलांचं मिरज स्टँडजवळ पंक्चरचं दुकान होतं. ट्यूबला पॅच लावायचं सोल्यूशन, त्यातही तेच टोल्युइन. पोरं पाच रुपये पुढे करून ट्यूब मागायची. एकदा वडिलांनी दिली होती. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा दुकानासमोर फुटपाथवर पडलेला, मुठीत चिंधी, बोटं चिकटलेली, रॉकेल लावून सोडवावी लागली. त्यानंतर सोल्यूशनचा डबा गल्ल्याच्या खणात, किल्ली कमरेला. गिऱ्हाईक उभं असताना डबा बाहेर काढून पुन्हा कुलपात ठेवायचे, मला तेव्हा त्याचा राग यायचा. पंक्चरला दुप्पट वेळ लागायचा.

हे मी आजींना सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि भडंगाचा डबा पुढे केला.

रात्री आठला ॲलिसला पोचलो. कॉइल ॲडलेडहून विमानाने यायला दोन दिवस लागले. चारही कॉइल बदलून घ्या म्हटलं, त्यांनी दोन घेतल्या, एक बसवायला, एक डिकीत. इन्शुरन्सला द्यायला कागद हवा म्हणून ते काउंटरशी उभे राहिले.

"बिघाडाचं कारण काय लिहिणार, दादा?"

"इग्निशन कॉइल, तिसरा सिलिंडर."

"आणि पेट्रोल?"

मी खाली वेगळी ओळ टाकली: पेट्रोल ठीक. त्यांनी ती वाचली, कागदाची घडी घातली आणि विचारलं, "प्रीमियम कुठल्या पंपावर मिळेल?"