गुंठा १०८९ चौरस फुटांचाच का?

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे पाठ सगळ्यांनाच असतं. हजार का नाही, अकराशे का नाही, याचं उत्तर साखळीत आहे. आपल्याकडच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणजे इंग्लंडातल्या ६६ फुटी गंटर साखळीच्या निम्मी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोबर एक एकर. साखळीचे भाग मात्र देशी हिशोबाने सोळा आणे. लांबीतला एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच.

ही पद्धत दख्खनमध्ये रुजली ती १८३५-३६ पासून, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात. गोल्डस्मिड आणि विंगेट हे त्यामागचे अधिकारी. त्याआधीची प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची मोजणी फसली होती: क्षेत्रं चुकलेली, आणि सारा निव्वळ उत्पन्नाच्या कागदी हिशोबावर बसवलेला. नवे नियम १८४७ च्या जॉइंट रिपोर्टात, म्हणजे मोजणी अधिकाऱ्यांच्या संयुक्त अहवालात, पक्के झाले.

गावाची पांढरी, म्हणजे गावठाण, वेगळी ठेवून काळीचे, म्हणजे शेतजमिनीचे, सर्व्हे नंबर पाडले. एक बैलजोडी वाहील एवढी जमीन, हा एका नंबराचा ढोबळ अंदाज. म्हणून कोरडवाहू नंबर ऐसपैस आणि भातखाचरांचे लहान.

मोजणीला हत्यारं दोनच, शंकू आणि साखळी. शंकू म्हणजे काठीवर बसवलेलं डोकं, त्यात एकमेकींना काटकोनात दोन चिरा. शेताच्या दोन लांबच्या कोपऱ्यांमध्ये पायारेषा धरायची, साखळी टाकत त्या रेषेवरून चालायचं. बाजूचा कोपरा शंकूच्या आडव्या चिरेतून नेमका दिसला की तिथून त्या कोपऱ्यापर्यंत लंब मोजायचा. समजा पायारेषा १२ साखळ्या, डावीकडचा लंब ४ साखळ्या, उजवीकडचा ३ साखळ्या ८ आणे. डावा त्रिकोण: १२ गुणिले ४ भागिले २, म्हणजे २४ गुंठे. उजवा: १२ गुणिले साडेतीन भागिले २, म्हणजे २१. एकूण ४५ गुंठे, १ एकर ५ गुंठे. फुटांत उतरायची गरजच नाही! साखळीला साखळीने गुणलं की थेट गुंठेच हाती येतात, ही या पद्धतीची खरी हुशारी.

चुका व्हायच्या त्या साखळीतच. वापरून कड्या ताणल्या, झिजल्या की साखळी लांबते. मग जमीन कागदावर कमी भरते. साखळी तीन इंच वाढलेली असेल तर १० एकर म्हणून नोंदलेलं शेत जागेवर जवळपास सहा गुंठ्यांनी जास्त निघतं. साखळी ढिली धरली किंवा ओळ सोडून वाकडी गेली तर उलट, क्षेत्र फुगतं. चढावर जमिनीलगत साखळी टाकली तरी तेच: दहा अंशांच्या उतारावर ३३ फुटांचं आडवं अंतर साडेबत्तीसच भरतं. म्हणून उतारावर आखूड टप्प्यांनी, साखळी आडवी धरून, ओळंबा सोडत उतरायचं.

प्रतवारी, म्हणजे साऱ्यासाठी जमिनीचा कस ठरवणं, हे वेगळंच काम. खड्डा खणून मातीची खोली हातांत मोजायची. उत्तम काळी, पावणेदोन हात खोल, तिला सोळा आणे. खोली घटली की आणे घटले. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं असे दोष निघाले की प्रत आणखी खाली.

आता टिपणाकडे. टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी जागेवर काढलेलं प्रत्येक नंबराचं कच्चं रेखाचित्र, आणि ते प्रमाणात नसतं. त्यावर फूटपट्टी लावून बांध कुठे सरकला हे ठरवणारे भेटतात, तो सगळा उद्योग व्यर्थ. टिपणात खरे ते आकडे. तेही जपून वाचायचे. वरच्या उदाहरणातला उजवा लंब '३-८' असा लिहिलेला असेल आणि तो कुणी ३.८ वाचला, तर २१ गुंठ्यांचे २२.८ होतात. एका टिंबापायी जवळजवळ दोन गुंठे, आणि तेवढ्यावर शेजाऱ्याशी कोर्टकचेरी.