दूध डेअरीचे ॲप मराठी आणि कन्नडमध्ये आणताना: माझा अनुभव

दूध संकलनाच्या नोंदी ठेवणारे एक अँड्रॉइड ॲप माझ्याकडे आले, तेव्हा ते केवळ इंग्रजीत होते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकाच डेअरीला मराठी आणि कन्नड बोलणारे शेतकरी दूध घालतात. त्यामुळे दोन्ही भाषा बरोबरीने चालणे आवश्यक होते.

कोडमध्ये विखुरलेला मजकूर वेचून भाषावार फाइलींत नेणे हे वेळखाऊ, पण सरळ काम होते. खरी अडचण तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या वाक्यांची होती. मूळ कोड गावाच्या नावाला पुढचा शब्द जोडून वाक्य तयार करत असे. मराठीत निपाणीचे ‘निपाणीत’ सहज होते, परंतु खानापूरचे ‘खानापुरात’ आणि हलगा गावाचे ‘हलग्यात’ होते. हे सामान्यरूप कोडने ठरवावे, हे मला मुळीच पटत नाही. म्हणून मी अख्खे वाक्य ही एकच नोंद ठेवली, तीत गाव आणि लिटर यांसाठी क्रमांक दिलेल्या जागा सोडल्या आणि मराठीत ‘हलगा येथे १२ लिटर दूध जमा झाले’ अशी रचना केली. जागांना क्रमांक असल्यामुळे कन्नड वाक्यात त्यांचा क्रम हवा तसा बदलता येतो. गावांची नावेसुद्धा भाषेच्या फाइलीतच ठेवली, कारण २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी असले, तरी मराठी माणूस बेळगाव असेच लिहितो.

एकवचन-अनेकवचनासाठी स्वतःची अट न लिहिता अँड्रॉइडची सोय वापरली. युनिकोड या संगणकावरील भाषांच्या मानकाच्या नियमांनुसार कन्नडमध्ये शून्यही एकवचनाच्या गटात मोडते, त्यामुळे ‘आज एकही नोंद नाही’ हा संदेश वेगळा ठेवला.

अंकांकडे अधिक लक्ष द्यावे लागले. मराठी निवडली की आकडे देवनागरीत उमटतात, कन्नडमध्ये मात्र इंग्रजी अंकच येतात. पडद्यावर ‘६.५’ फॅट वाचायला उत्तम, पण तोच आकडा तसाच सर्व्हरकडे गेला तर हिशेब अडू शकतो. म्हणून सर्व्हरकडे जाणारे आकडे वापरणाऱ्याच्या भाषेवर अवलंबून ठेवले नाहीत.

कन्नड मजकूर डेअरीच्या सचिवांनी फोनवरच वाचून तपासला. अक्षराच्या खाली लिहिले जाणारे जोडव्यंजन बटणाच्या कडेला कापले जात असल्याचे त्यांनीच दाखवले, आणि त्यानंतर सर्व बटणांची ठरावीक उंची काढून ती मजकुराप्रमाणे वाढेल अशी केली.