मनीच्या गोळ्या, आठवडा सहावा: सोफ्याखाली ११

मनी म्हणजे मी जर्मनीत ज्या कुटुंबाकडे राहते त्यांची मांजर, थायरॉइड वाढलंय म्हणून तिला रोज गोळ्या द्याव्या लागतात. गेल्या अपडेटमध्ये "मनी आता शहाण्यासारखी गोळी घेते" असं मी छाती फुगवून लिहिलं होतं ना, ते सगळं मागे घेते. काल व्हॅक्यूम करताना सोफ्याची गादी उचलली आणि खाली ११ गुलाबी गोळ्या! दोनदा मोजल्या. काही नुसत्या चाटलेल्या, काही अर्धवट विरघळून कापडाला चिकटलेल्या, आणि एकीने तर मोरूच्या (घरातला दुसरा बोका) केसांचा स्वेटर घातलेला.

५ आठवडे, दिवसाला २, म्हणजे ७० गोळ्या. ११ सापडल्या, बाकीच्यांतल्या किती पोटात गेल्या ते मनीलाच ठाऊक. खरी धडकी वेगळ्याच गोष्टीची भरली. तिसऱ्या आठवड्याच्या रक्तात टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) अजून वर होता आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की या गुरुवारीही तसाच आला तर डोस वाढवू. म्हणजे मी निवांत जाऊन डोस वाढवून आणला असता, आणि मग एखाद्या आठवड्यात बाईसाहेबांनी खरंच सगळ्या गिळल्या असत्या तर? १४ वर्षांची मांजर, तिची किडनी कशी आहे हे थायरॉइड आटोक्यात आल्याशिवाय नीट कळतसुद्धा नाही.

आणि वजन! वाढायचं सोडून ३.४ किलोवरून ३.३५ का दाखवतोय म्हणून मी काट्याला शिव्या घालत होते (हो, अजून तोच, विमानाच्या २३ किलोसाठी सांगलीत घेतलेला, मनीसकट कॅरिअर लटकवायचं आणि मग रिकाम्या कॅरिअरचं वजन वजा करायचं). काटा बिचारा खरं बोलत होता.

सध्या फ्रायबुर्गच्या घरात मी एकटी आहे, मंडळी दोन आठवडे नॉर्थ सीला गेलीत, जाताना गास्टमामाने (म्हणजे या घरची यजमानीण; मामा म्हणजे आई हं, आपला मामा नाही) तीन पानी यादी दिलीय, कुंड्या, कचऱ्याचे वार, खिडक्या तिरक्या उघड्या ठेवायच्या नाहीत कारण मांजर त्या फटीत अडकून मरतं, सगळं सगळं. तिला घाबरत घाबरत व्हॉइस मेसेज केला तर ती हसत सुटली. म्हणे मागच्या वर्षी जंताची गोळी ओमाच्या (आजीच्या) चपलेत सापडली होती. अगं बाई, तीन पानांत ही एक ओळ लिहायला काय झालं होतं!

आता ती करते कसं, तर काल रात्री टॉर्च घेऊन पाळत ठेवली. गोळी लपवलेली पेस्ट चाटते, गोळी गालात सरकवते, माझ्याकडे बघत जिभल्या चाटते (इथेच मी दर वेळी फसले), मग सावकाश सोफ्यावर जाते, अंग चाटायचं नाटक करते आणि थू. पाच आठवडे मी शाबासकी देत होते त्या नाटकाला.

आतापर्यंतचे उपाय: ओमाने सांगितलेलं लेबरवुर्स्ट (लिव्हरचं सॉसेज), ते मी पाकीट वाचूनच बाद केलं, त्यात कांदा असतो आणि कांदा मांजराला विष. पेटशॉपमधली गोळी घशात ढकलायची प्लॅस्टिकची पिचकारी, तिच्याबद्दल माझं मत एवढंच की ती माणसाच्या बोटांसाठी छान आहे. आईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं "गोळीला तूप लाव गं, आपण म्हशीला नाही का देत", हसू नका, तुपाने गोळी खरंच सर्रकन जाते, सलग चार वेळा गेली, पण नंतर मनी फक्त तूप चाटायला लागली. गोळी कुटून घालायची नाही हे तुम्हाला माहितीये, वरचं कोटिंग फुटलं की कडू लागते आणि औषध आपल्या हाताला लागतं ते वेगळं.

आज रविवार, दवाखाना बंद. इमर्जन्सीला जायचं तर नुसत्या तपासणीचे २३.६२ युरो किमान दुप्पट होणार, वर ५० युरो वेगळे, आणि तिथे जाऊन सांगणार काय, मांजर लबाड आहे म्हणून? उद्या सकाळी फोन करून गुरुवारचं रक्त पुढे ढकलते, आधी तीन आठवडे गोळी नक्की पोटात जायला हवी. याच गोळीचं पातळ औषध मागायचं असंही ठरवलंय. कुणीतरी गोड चवीचं सुचवलं होतं, पण मांजराला गोड कळतच नाही, गोडाची चव ओळखणारं त्यांचं जनुकच बिघडलेलं असतं, तेव्हा चवीवर पैसे घालवू नका.

हे लिहिता लिहिता एक डोक्यात आलं. मोरू काचेच्या दारापलीकडे उभा असला की मनी खाणं चावत नाही, नुसतं गिळते, तो आत येऊन हिसकावेल म्हणून! मग ही मत्सराची मदत गोळीला का घेऊ नये? शिवाय जागाही बदलते, किचनच्या टेबलावर कॅरिअर ठेवतो म्हणून तिथे ती आधीच सावध असते. पातळ औषध थांबू दे दोन दिवस.

७.१०: वॉशिंग मशीनवर बसवलं, मोरू काचेपलीकडे रडतोय. व्हिटाक्राफ्टच्या लिक्विड स्नॅकचे तीन थेंब, पहिला नुसता, दुसऱ्यात तूप लावलेली गोळी, तिसरा लगेच नाकासमोर. गेली! तिसरा थेंब चाटायच्या घाईत दुसरा गिळला. मागून सिरिंजने थोडं पाणी, गोळी घशात चिकटून बसू नये म्हणून.

७.१५: तोंड उघडून पाहिलं, दोन्ही गाल रिकामे. बोटाला एक ओरखडा.

७.४०: सोफ्याखाली काही नाही. मशीनमागे काही नाही. ओमाच्या चपला पण पाहिल्या.

मोरूला त्याचे तीन थेंब दिले, त्याची मजुरी. याच औषधाच्या कानाला लावायच्या जेलचा कुणाला अनुभव असेल तर सांगा, ग्लोव्ह्ज घालून एकदा या कानाला एकदा त्या कानाला लावतात ते. उद्याच्या फोनमध्ये तेही विचारून ठेवीन.